सांडणीस्वार, जासूद, हरकारा: सगळे 'पोस्टमन'च का?

प्रश्न (चाळीसगाव): शाळेतल्या मुलांसाठी जुन्या टपालावर लिहितेय. सांडणीस्वार, जासूद, हरकारा या सगळ्यांना सरसकट पोस्टमन म्हटलं तर चालेल का? आणि सांडणी म्हणजे घोडीच ना?

उत्तर (भुसावळ): ताई, सरसकट नका करू, प्रत्येक शब्दात पत्र कसं जायचं तेच सांगितलेलं आहे. सांडणी म्हणजे उंटीण, स्वारीला तयार केलेली, भरधाव पळणारी. आपल्या खान्देशात सांड म्हटलं की वळूच डोळ्यासमोर येतो, म्हणून घोळ होतो. घाईचा खलिता असला की सांडणीस्वार सुटायचा.

जासूद मात्र पायी जाणारा, आणि मराठी कागदांत 'जासूद जोडी' पाठवल्याचं बऱ्याचदा येतं, म्हणजे दोघं सोबत, एकाला वाटेत काही झालं तरी दुसरा कागद पोचवणार. तो नुसता कागद नेत नव्हता, तिकडची बातमीही काढून आणायचा, म्हणून त्या शब्दाला हेर हाही अर्थ आहे. कासीद हा असाच आणखी एक. १७६१ ला पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकाराच्या कासिदाकडच्या पत्रातून, औरंगाबादला निघाला होता तो, आणि आत मोती गळाले, मोहरा गेल्या अशी सांकेतिक भाषा. मुलांना हे नक्की सांगा, फार आवडेल.

डाक म्हणजे मुळात टप्प्याटप्प्यावर माणसं नाहीतर घोडे ठेवून केलेली सोय. 'डाक बसवणे' म्हणायचे ते हेच. त्यातला हरकारा आपला टप्पा पळायचा, थैली पुढच्याच्या हातात द्यायचा आणि मागे फिरायचा. इंग्रजी अमलात त्यालाच रनर म्हणायचे, हातातल्या काठीला किंवा भाल्याला घुंगरं, रानातली जनावरं दूर राहावी म्हणून. सांडणीस्वाराला डाकवाला म्हटलं की हा सगळा फरकच पुसला जातो बघा.

प्रश्न: मग रेल्वेचा 'मेल' पण त्यातलाच का?

उत्तर: हो ना, टपाल नेणारी गाडी ती मेल, हावडा मेल आपल्या भुसावळवरूनच जाते. आरेमेसचे, म्हणजे रेल्वे टपाल सेवेचे लोक रात्रभर चालत्या डब्यात पत्रं लावायचे, आणि डब्यालाच पेटी असायची, लेट फीचं, म्हणजे उशिरा टाकलेल्या पत्राचं, जादा तिकीट लावून फलाटावरून पत्र टाकता यायचं. लेखात 'लेट फी' हा शब्द घ्याच, आताच्या पोरांना तो फक्त शाळेच्या फीसाठी माहितीये.