कॉफी आणून देणारी तिसरी बाई : लिंगभाव आणि वंश एकत्र कसे वाचावेत?

माजघर (मूळ प्रश्न) :
जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला मी माध्यमे आणि लिंगभाव हा विषय शिकवते. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या चित्रपट्टीतून रूढ झालेली कसोटी, म्हणजे कथेत किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि बोलण्याचा विषय पुरुष नसावा, ही मुलांना चटकन कळते. म्हणून गेल्या आठवड्यात एका अमेरिकी चित्रपटातील प्रसंग दाखवून मी तिचा सराव घेतला. प्रसंग कसोटीला उतरला, यावर सर्वांचे एकमत झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला, ‘‘मॅडम, त्या दोघींपुढे कॉफीचा ट्रे ठेवून गेलेली ती कृष्णवर्णीय बाई कोण? तिला तर नावसुद्धा नाही.’’ मला उत्तर देता आले नाही. या तिसऱ्या बाईबद्दल अमेरिकेतील स्त्रीवाद्यांनी काय मांडले आहे आणि वाचनाला कोठून सुरुवात करावी?

दुसरी बाजू :
माझ्या मते सुरुवात चित्रपटापासून नव्हे, न्यायालयापासून करावी. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध भेदभावाचा दावा लावला होता. १९६४ पूर्वी कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते आणि पुढे मंदीत नोकरकपात करताना ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा नियम लावल्यामुळे उशिरा आलेल्या याच स्त्रिया बाहेर पडल्या. १९७६ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे अमान्य केले, कारण कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणून लिंगभेद नाही, आणि वंशभेदाचा दावा मांडायचा तर तो निराळा मांडावा. दोन्हींची सांगड घालता येणार नाही. त्या नोकरीतील स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कृष्णवर्णीय कामगार पुरुष होते, ही साधी गोष्ट दोन्ही रकान्यांतून निसटली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ च्या निबंधात याच निकालाची चिकित्सा करून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द दिला, म्हणजे लिंग, वंश असे भेदभाव एकाच व्यक्तीवर एकमेकांत गुंतून येतात, ही मांडणी. त्यांचा दृष्टान्त चौकाचा आहे : चौकात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही रस्त्याने आलेल्या गाडीची धडक बसू शकते, कधी एकाच वेळी अनेक रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांची. बेक्डेल कसोटी एकाच रस्त्यावरची वाहतूक मोजते, त्यामुळे तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे.

कातरवेळ :
ट्रे ठेवून जाणाऱ्या बाईलाही नाव असते. अमेरिकी अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांनी आयुष्यभर मोलकरणींच्या भूमिका केल्या आणि तशाच एका भूमिकेसाठी फेब्रुवारी १९४० मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. समारंभ लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात होता तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, म्हणून चित्रपटाच्या निर्मात्याने रदबदली केली, आणि तरीही त्यांना सहकलाकारांसोबत न बसवता भिंतीलगतच्या एका लहान टेबलावर बसवण्यात आले. वर्गात मी हे टेबल आधी दाखवीन. दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला अभिनयाचे ऑस्कर मिळायला १९९१ उजाडले, ती व्हूपी गोल्डबर्ग.

यानंतर कृष्णवर्णीय स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स वाचाव्यात. पडद्यावरची स्त्री पुरुषाच्या नजरेसाठी मांडलेली असते, हा चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांचा १९७५ चा सिद्धान्त बहुतेक अभ्यासक्रमांत असतो, पण त्यातील ‘स्त्री’ गोरीच गृहीत धरलेली आहे, हे हुक्स यांनी १९९२ मध्ये दाखवले. नायिकेत स्वतःला पाहू न शकणारी कृष्णवर्णीय प्रेक्षक दुरून, प्रश्न विचारत चित्रपट पाहते, आणि त्या नजरेला त्यांनी प्रतिकाराची नजर मानले.

शाईचा डाग :
पडद्याची चर्चा चांगली आहे, मात्र बातमी विसरू नये. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स अमेरिकेच्या दक्षिणेतील मेम्फिसमध्ये ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या सहमालक होत्या. मार्च १८९२ मध्ये त्यांच्या परिचयातील तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार केले. अशा हत्या गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणासाठी होतात, हा वृत्तपत्रांचा नेहमीचा खुलासा. येथे तर मूळ भांडण किराणा दुकानांच्या स्पर्धेचे होते. वेल्स यांनी तो खुलासा उघडपणे खोडून काढला, तेव्हा त्या बाहेरगावी असताना मे महिन्यात त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. पुढे त्यांनी हत्यांची आकडेवारी मुद्दाम गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून गोळा केली, म्हणजे ती पक्षपाती म्हणण्याची सोय उरली नाही. १९१३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात त्यांना कृष्णवर्णीय म्हणून मागे चालण्यास सांगण्यात आले, तर त्या वाटेत गर्दीतून पुढे येऊन आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत सामील झाल्या. पत्रकारितेसाठीच्या पुलित्झर पुरस्काराची विशेष नोंद त्यांना २०२० मध्ये मिळाली, मृत्यूनंतर जवळपास नव्वद वर्षांनी!

माजघर :
सर्वांचे आभार. जातीचे उदाहरण सोबत घ्यावे का? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामगिरीविरोधकांनाच अर्पण केली होती.

दुसरी बाजू :
अवश्य घ्यावे, पण बरोबरीचे चिन्ह टाकू नये. अमेरिकी पडद्यावर वंश चेहऱ्यावर दिसतो, म्हणून तेथे मोजदाद करता येते. आपल्याकडे जात आडनावात, बोलीत, कोण कोणाच्या घरात कोठपर्यंत येते यात दडलेली असते. गोपाळ गुरू (१९९५) आणि शर्मिला रेगे (१९९८) यांचे दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयीचे लेख एकापाठोपाठ वाचायला द्यावेत. आणि त्या विद्यार्थिनीला एखाद्या मराठी मालिकेतील स्वयंपाकघरातल्या बाईचे आडनाव शोधायला सांगावे.