हिमालयातला बर्फ पाहून विदर्भात पेरायचं का?

कपाशीवाला, काटोल
‘यंदा हिमालयात बर्फ कमी, म्हणजे पाऊस दमदार. मृग लागताच पेरा.’ हा निरोप गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. माझा याला विरोध आहे. तो बर्फच मुळात वाऱ्यांच्या मर्जीवर पडतो. भूमध्य समुद्राकडून जेट प्रवाहाबरोबर, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्यांबरोबर, येणारे पश्चिमी चक्रावात पश्चिम हिमालयात हिवाळी बर्फ आणतात. तिकडे अटलांटिकवर आइसलँड आणि अझोर्स बेटं यांच्यातला हवेच्या दाबाचा फरक वाढला की हे चक्रावात बळावतात. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं तेव्हाच्या, हिवाळ्यातही हिमालयात बऱ्याचदा जास्त बर्फ पडतो. आपला जुलै-ऑगस्टचा पाऊस मात्र बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आणतात. मग नुसत्या बर्फावर पेरणीचा जुगार कशाला?

निवृत्त भूगोल शिक्षक, यवतमाळ
भाऊ, हे गावगप्पांतून आलेलं नाही. भारताच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच हिमालयातला बर्फ आणि पावसाची ओढ यांचा संबंध मांडला होता. बर्फ ऊन परतवतो, वितळताना उष्णता खातो, मागे ओली जमीन ठेवतो. जमीन उशिरा तापली की मान्सूनचा जोर कमी पडतो. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या मान्सूनचा अंदाज देणाऱ्या १९८८ च्या १६ घटकांच्या मॉडेलमध्ये हिमालयाचा आणि युरेशियाचा, दोन्हीकडचा बर्फ धरला होता.

कपाशीवाला, काटोल
सर, २००२ ला त्याच मॉडेलने सरासरीइतका पाऊस सांगितला होता. देशात पडला सरासरीच्या ८१ टक्के.

निवृत्त भूगोल शिक्षक, यवतमाळ
सोळा घटकांचं अपयश एकट्या बर्फाच्या माथी मारू नका. त्या वर्षी पाऊस घटवणारा एल निनो होता.

कपाशीवाला, काटोल
माझंही तेच म्हणणं आहे, सर. समुद्र बिघडला की बर्फाचं गणित कोलमडतं.

संत्रा बागाईतदार ताई, वरूड
तुमी दोघंही जूनवरच भांडून राहिले. मले तर फेब्रुवारी-मार्चची धास्ती हाय. तेच पश्चिमी चक्रावात खाली सरकले अन् उपसागराकडून ओलावा आला, का आपल्याकडं गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात काय झालं, आठवते ना? हरभरा, गहू आडवे. संत्र्याच्या आंबिया बहाराची बारीक फळं झाडाखाली पसरलेली, अन् जी वर राहिली त्यायच्या सालीवर गारांचे डाग. बर्फाची बातमी आली का मी पाऊस नाही पाहत, येणारा आठवडा पाहतो.

निरोप पुढे पाठवणारा, दर्यापूर
तो निरोप मीही पाठवला. बियाणं मे महिन्यातच घ्यावं लागते, पीककर्जाचा हिशेबही तेव्हाच. तुम्ही म्हणता थांबा, पण तोवर शेतकऱ्यानं कशाच्या भरवशावर ठरवायचं?

कपाशीवाला, काटोल
बियाणं घ्या भाऊ, त्याला ना नाही. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय तिफण काढू नका. दुबार पेरणीचं कर्ज फेडायला निरोप पाठवणारा येत नाही.

निवृत्त भूगोल शिक्षक, यवतमाळ
पेरणीपुरतं मान्य. पण एप्रिलमध्ये बर्फाचे आकडे मी पाहणारच. एल निनो नसलेल्या वर्षी त्यांचं वजन वाढतं, हे माझं मत कायम आहे.