पायात उतरणारी कळ आणि आखडलेली मान: शेक आणि वजनाच्या पुढे काय?

रानजाई

दोन रुग्ण, दोन दुखणी. माहिती आधी सगळी देते.

दादा, वय ४४. दिवसभर खुर्चीत हिशेबाचं काम, शिवाय रोज तीसेक किलोमीटर दुचाकी. पाच आठवडे कंबर धरली आहे. उजव्या कुल्ल्यातून पोटरीच्या मागून पायाच्या करंगळीपर्यंत कळ जाते. बसलं, वाकलं की वाढते, चाललं की जरा उतरते. शिंक आली की सणक. एमआरआयमध्ये एल५-एस१ ची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची, गादी उजवीकडे सरकून नस दाबतेय असं आलंय. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा म्हणून सांगितलं. दहा दिवस झाले: १५ मिनिटं आयएफटी (सौम्य विजेचं मशीन), १५ मिनिटं कंबरेला वजन लावून ताण (ट्रॅक्शन), मग गरम शेक. तासाभरापुरतं बरं वाटतं. सोबत व्यायामाचा छापील कागद दिलाय, त्यातले निम्मे व्यायाम पुढे वाकायचे आहेत.

वहिनी, वय ४०. मान आणि उजवा खांदा आखडतो, संध्याकाळी जास्त. हातात कळ किंवा मुंग्या नाहीत.

दादाने कागदावरचे सगळे व्यायाम करावेत का? करायचे नसतील तर कोणते, किती वेळा आणि चुकतंय हे कसं ओळखायचं? मशीन चालू ठेवायचं का? आणि वहिनीने सुरुवात कुठून करायची?

अस्थिसंधी

रानजाई, कळ कशाने वाढते आणि कशाने उतरते हे लिहिलंत, ते एमआरआयपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. पण व्यायामाआधी काही गोष्टी आजच विचारून घ्या.

लघवी अडकते किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा गेलाय, दोन्ही मांड्यांच्या मधली, सायकलच्या सीटला टेकणारी जागा बधिर आहे, दोन्ही पायांत ताकद कमी वाटते. यातलं एक जरी असेल तर व्यायाम नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्यायचं. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री आडवं झाल्यावरही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही. पूर्वी कर्करोग झालेला, खूप दिवस स्टेरॉइड घेतलेली किंवा हाडं ठिसूळ असून पडलेली व्यक्तीही आधी डॉक्टरांकडेच.

मग ताकद बघा. भिंतीला बोटं टेकवून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठायचं, आधी डावा, मग उजवा. दादाची दबलेली एस१ ची नस पोटरीला जाते, आणि पोटरी इतकी दणकट असते की दोन्ही पायांवर एकदम उठवलं तर उणीव झाकली जाते. म्हणून एकेक पाय. नंतर टाचांवर दहा पावलं; त्यात पंजा खाली पडत असेल तर तिच्या वरच्या एल४-एल५ च्या नसांकडे बघावं लागतं. आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि दर चार दिवसांनी पुन्हा मोजा. ताकद घसरत असेल तर दुखणं कमी झालं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. दुखणं थांबून पाय लुळा पडत जाणं ही सुधारणा नव्हे.

आता व्यायाम. कागदावरचे पुढे वाकायचे सगळे आज बंद. गुडघे छातीशी घेणं आणि बसून पायाची बोटं पकडणं तर नकोच. वाकल्याने कळ वाढते, म्हणजे दिशा उलटी हवी.

न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना हे १९५६ मध्ये वेलिंग्टनच्या दवाखान्यात योगायोगाने सापडलं. डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर एक रुग्ण चुकून पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली कळ गेली. त्यातून पद्धत उभी राहिली, आणि तिचा गाभा एकाच निरीक्षणात आहे: कळ पायाकडून कंबरेकडे सरकली तर दिशा बरोबर, कंबरेकडून पायाकडे उतरली तर चूक. कंबर तात्पुरती जास्त दुखली तरी चालेल, पण पोटरीतली कळ मांडीत आणि मांडीतली कुल्ल्यात आली पाहिजे.

आधी दादाला आरशासमोर उभं करा. धड एका बाजूला कललेलं दिसतं का? दिसलं तर पालथं झोपवू नका. धड ज्या बाजूला कललंय तो खांदा भिंतीला, कोपर बरगडीशी, पाय भिंतीपासून फूटभर लांब, आणि दुसऱ्या हाताने कंबर हळूहळू भिंतीकडे ढकलायची. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. बाक सरळ झाल्यावर पुढचं.

जमिनीवर सतरंजी. पालथं पडून २-३ मिनिटं काहीच करायचं नाही. मग कोपरांवर टेकून २-३ मिनिटं. कळ खाली उतरली नाही तरच पुढे: तळवे खांद्यांखाली, हातांच्या जोराने छाती उचलायची, कंबर आणि कुल्ले पूर्ण सैल, ओटीपोट सतरंजीवरच. वर पोचल्यावर श्वास सोडायचा म्हणजे कंबर आणखी खाली बसते. दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा. शेवटच्या दोन-तीन वेळा कोपरं सरळ करून बघायची.

हमखास चूक अशी की लोक याचं भुजंगासन करतात. त्यात पाठीचे स्नायू उचलतात, इथे पाठीने काम करायचंच नाही. कुल्ले आवळले की फायदा गेला. दुसरी चूक, सकाळी एकदा तीस वेळा करून दिवसभर वाकून बसणं. गादीवर परिणाम होतो तो दिवसभरात विखरून केल्याने.

हे सगळ्या कंबरदुख्यांना लागू नाही. साठीच्या पुढचं माणूस चालताना पाय भरून येतात म्हणून थांबतं आणि वाकून बसलं की लगेच बरं वाटतं, तिथे मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असण्याची शक्यता जास्त. त्यांना मागे वाकवणं त्रासाचं, पुढे वाकणं आरामाचं. एकच कागद सगळ्यांना वाटणं घातक ठरतं ते यामुळे.

मध्यममार्गी

वरच्याला पूर्ण अनुमोदन. मशीनबद्दल लिहितो.

आयएफटी किंवा टेन्स (तेही विजेचंच मशीन) थोडा वेळ वेदना झाकतात, सरकलेली गादी जागेवर आणत नाहीत. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१६ च्या सूचनांत कंबरदुखी आणि सायटिकासाठी (पायात उतरणाऱ्या कळेसाठी) ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचं मशीन, टेन्स, आयएफटी देऊ नका, कंबरेचा पट्टाही देऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय. जोर व्यायामावर आहे. त्या अर्ध्या तासाने पुढचे व्यायाम सुसह्य होत असतील तर भांडण नाही, पण बैठक तेवढ्यावरच संपत असेल तर पैसे आणि दिवस दोन्ही वाया जातात. पुढच्या वेळी सरळ विचारा: आज दादाची कोणती हालचाल तपासली, आणि कालच्यापेक्षा काय बदललं? उत्तर मिळालं नाही तर दुसरा दवाखाना शोधा.

शेक घरीच घ्या, पिशवीभोवती टॉवेल गुंडाळून १५-२० मिनिटं. पायाचा जो भाग बधिर आहे तिथे मात्र नको, भाजलेलं कळत नाही. पट्टा रोज नकोच, वापरलाच तर लांबच्या प्रवासापुरता.

‘मणक्यात गॅप आलाय’ हा शब्द दादाच्या डोक्यातून काढा. गादी झिजली की दोन मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं, आणि तेही केस पिकण्यासारखंच. कसलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा २०१५ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. त्यात चाळिशीच्या सुमारे ५० टक्के लोकांत गादी फुगलेली होती आणि ६८ टक्क्यांत झिजलेली. अहवाल लक्षणांशी जुळला तरच त्याला अर्थ. दादाचा जुळतोय, करंगळीपर्यंत कळ म्हणजे एस१ च. आणि दिलासा असा की बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात; मोठा तुकडा तर बऱ्याचदा लहानापेक्षा जास्त आक्रसतो.

एक कळकळीची विनंती. वहिनींची मान कुठल्याही सलूनमध्ये किंवा ‘नस बसवणाऱ्या’कडून मोडून घेऊ नका. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

चाफा७

मानेवर लिहिते, वहिनींचं राहून जाऊ नये.

पहिली चाचणी: हात पुढे करून दहा सेकंदांत मूठ किती वेळा पूर्ण उघडता-मिटता येते ते मोजा. वीसपेक्षा कमी, किंवा ब्लाउजचे हुक लावताना बोटं अडखळतात, चालताना तोल जातो, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. मग व्यायाम नाही, आधी तज्ज्ञ. पुढे कधी हातात कळ उतरली तर ती कुठल्या बोटात जाते ते लिहून ठेवायचं: मानेतून निघणाऱ्या नसांपैकी अंगठ्याकडे सी६, मधल्या बोटाकडे सी७, करंगळीकडे सी८.

हे काही नसेल तर दुखणं बहुधा थकलेल्या स्नायूंचं आहे. मानेच्या पुढच्या बाजूला, अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांना चिकटलेले छोटे खोल स्नायू असतात. मान बरेच दिवस दुखली की ते ढिले पडतात आणि त्यांचं काम वरचे जाड स्नायू उचलतात. क्वीन्सलंड विद्यापीठात ग्वेंडोलिन जल आणि सहकाऱ्यांनी या खोल स्नायूंसाठी चाचणी बसवली: मानेखाली हवेची पिशवी, पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबापासून दोन-दोनने ३० पर्यंत, नुसती मान डोलावून.

घरी पिशवी लागत नाही. उताणं पडायचं, गुडघे वाकलेले, डोक्याखाली चादरीची एक-दोन इंची घडी. आपण हळूच ‘हो’ म्हणतो तशी हनुवटी थोडीशी गळ्याकडे. डोकं उचलायचं नाही, घडीत दाबायचंही नाही. एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूच्या जाड दोरीसारख्या स्नायूवर ठेवा. ती टणक झाली म्हणजे जोर जास्त झाला, हालचाल निम्मी करा. दात एकमेकांना टेकलेले नकोत. दहा सेकंद धरून दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात पाच सेकंदच जमले तर पाच.

हा व्यायाम इतका सौम्य आहे की ‘यात काय होणार’ म्हणून लोक चौथ्या दिवशी सोडतात आणि मान गरागरा फिरवायला लागतात. फरक दिसायला सहा आठवडे लागतात, ते द्यायचे.

सोबत खांद्याच्या पात्यांसाठी रबरी पट्टी, हलकी पिवळी किंवा त्यानंतरची लाल. खिडकीच्या गजाला अडकवून कोपरं मागे ओढायची, खांदे कानाकडे चढू न देता. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

संध्याकाळी जास्त आखडतं, म्हणून स्वयंपाकाचा ओटा बघा. कोपर वाकवून उभं राहिल्यावर ओटा कोपराच्या १०-१५ सेंटीमीटर खाली हवा. फारच खाली असेल तर भाजी चिरताना पाटाखाली लाकडी ठोकळा ठेवा. पोळ्या लाटायला मात्र उंची थोडी कमीच बरी, नाहीतर खांदे उचलले जातात. उशी कुशीवर झोपल्यावर खांदा ते कान एवढी जागा भरेल इतकीच जाड.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादाचं धड कललेलं नव्हतं. चवड्यावर डावा १०, उजवा ७. चार दिवस पालथ्याने केलं. कळ करंगळीतून पोटरीच्या मध्यापर्यंत आली, पण कंबर जास्त दुखते. चालू ठेवावं का? आणि ताकदीचे व्यायाम कधी?

अस्थिसंधी

चालू ठेवा, कळ वर सरकतेय. उजवा ७ वर लक्ष ठेवा. ५ झाला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सकाळचा पहिला तास जपा. रात्री गादी पाणी शोषून फुगते, उठल्या उठल्या वाकलं की तिच्यावर जास्त ताण येतो. तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर आणि एक पाय छोट्या स्टुलावर. अंघोळीची बादली गुडघ्याएवढ्या उंचीच्या चौरंगावर, म्हणजे तांब्यासाठी वाकावं लागत नाही. काही आठवडे कमोड. खुर्चीत पट्ट्याच्या रेषेवर टॉवेलची गुंडाळी आणि दर अर्ध्या तासाला उभं राहून पाच वेळा मागे वाकणं. दुचाकी तूर्त बंद. खड्ड्याचा धक्का बसलेल्या कंबरेला थेट लागतो.

कळ गुडघ्याच्या वर आली आणि दोन-तीन दिवस तिथेच राहिली की ताकदीचं सुरू करा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम पुरतात. एक, उताणं पडून एक गुडघा वाकवलेला, दोन्ही तळवे कंबरेच्या पोकळीखाली, डोकं आणि खांदे इंचभर उचलून धरणं. कंबर तळव्यांवर दाबली गेली तर चुकलं. दोन, कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांवर तोल घेऊन कंबर उचलणं. तीन, रांगत्या स्थितीत उलटसुलट हात आणि पाय लांब करणं. पाठीवर पाण्याचा पेला ठेवलाय असं समजून कंबर न कलू देता. प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं, पहिल्या फेरीत सहा वेळा, मग चार, मग दोन. पुढे धरण्याचा वेळ वाढवायचा नाही, किती वेळा करायचं ते वाढवायचं. रोज १०-१० मिनिटं तीनदा सपाट रस्त्यावर झपझप चालणं याच्या जोडीला हवं.

काठी घेऊन वाकायला शिकवा: काठी डोक्याच्या मागे, पाठीच्या मध्यावर आणि माकडहाडावर टेकलेली, कुल्ले मागे नेत वाकायचं, तिन्ही ठिकाणचा स्पर्श सुटता कामा नये. हे पन्नास वेळा न चुकता जमेपर्यंत जड काही उचलायचं नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, पण टाकी धरून वजन तिशीला टेकतं. तो उचलायचा नाही, तिरपा करून बुडाच्या कडेवर गोल फिरवत न्यायचा, आणि तीन महिने तेही दुसऱ्याने.

मध्यममार्गी

एक भर. एवढं सगळं नीट करूनही सहा आठवड्यांत कळ पोटरीतच राहिली तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. नसेजवळचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन यावर तेव्हा बोलता येतं. जाताना चवड्यावरच्या आकड्यांची वही न्या, एमआरआयच्या फिल्मपेक्षा ती आधी उघडा.