प्रतिसाद: वर्ग आहेत, शिकवणारे हवेत

"कैद्यांच्या शिक्षणावर खर्च कशाला, तो पैसा पोलीस प्रशिक्षणाला द्या," हे वरचं मत मला अजिबात पटलं नाही. आमच्या नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, अभ्यासकेंद्र आहे, कैद्यांना तिथे फी माफ असते. पण फी माफ झाली म्हणून गणित येत नाही हो, शिकवायला माणूस लागतो. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक धरलाय. रक्षक कमी पडले की बंद्यांना बराकीतून वर्गापर्यंत नेणार कोण? म्हणजे रक्षकाची रिकामी जागा हीसुद्धा शिक्षणातलीच अडचण. पोलीस प्रशिक्षणालाही पैसा हवाच, मान्य. पण तो कैद्यांच्या पाटीवरून पुसून नको. आधी कारागृहात कायमचे शिक्षक भरा.