दारासमोरची कीलेस गाडी कशी जपावी?

प्रश्न (हॅरो, लंडन): शेजाऱ्यांची गाडी रात्री काचही न फुटता गेली. आमचीही कीलेस आहे (चावी खिशात असली की आपोआप उघडणारी), चावी दाराजवळच्या खुंटीला. काय करू?

उत्तर: चावी आधी तिथून हलवा! एक चोर दाराशी यंत्र धरून चावीचा सिग्नल उचलतो, दुसरा तो गाडीपाशी सोडतो. गाडीला वाटतं, मालक आला. फॅराडे पाऊच (सिग्नल अडवणारी पिशवी) घ्या, दुसरी चावीही त्यातच. मग पाऊच घेऊन गाडीपाशी जा. दार उघडलं, तर पाऊच बदला.

दुसरं उत्तर: पाऊच हवाच, पण हेडलाइटच्या वायरींतून कॅन बसमध्ये (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या जाळ्यात) घुसणाऱ्यांना चावी लागतच नाही. दणकट, ठळक रंगाचं स्टिअरिंग लॉक रोज लावा, कितीही कंटाळा येवो. सीटवर बॅग नको, चार्जरही नको.

प्रश्नकर्ता: दुसरी चावी ड्रॉवरमध्येच होती. दोन पाऊच मागवतोय.