श्रावणातली अंडी गौरी जाईपर्यंत टिकवायची आहेत, फ्रिजचा भरवसा नाही. काय करावं?

पडवीतून (संगमेश्वर तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २२ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. १३ गावरान, बाकी वनराजा जातीच्या. रोज सात-आठ अंडी निघतात. एरवी घरात अंडं उरत नाही, सकाळीच कोणीतरी दारात येऊन मागून नेतं. श्रावण लागला की मात्र वाडीत कोणी घेत नाही आणि आमच्याही घरात महिनाभर शिजत नाही. कोंबड्या देतच राहतात.

आमचे गणपती गौरीबरोबर जातात. त्यानंतर मुंबईहून आलेली दोन्ही मुलं, सुना, तीन नातवंडं, शिवाय दिरांकडची माणसं दोन-तीन दिवस राहतात. तेव्हा शंभर अंडी असली तरी कमी पडतात, आणि निघताना प्रत्येकाला गावठी अंडी बांधून द्यावी असं मला फार वाटतं.

गेल्या वर्षी पत्र्याच्या पेटीत भाताच्या कोंड्याचे थर देऊन ९० अंडी ठेवली. सासूबाई तशाच ठेवायच्या. पेटी माजघरात, अंधारात होती. गौरी गेल्यावर नातीला हौस म्हणून पहिलं अंडं तिच्या हाताने फोडायला दिलं. आत रक्ताचं कडं आणि काळपट गोळा निघाला. सात वर्षांची पोर, दोन दिवस धड जेवली नाही. मग मी मागच्या अंगणात बसून एकेक अंडं वाडग्यात फोडून बघितलं. ९० मधली ५२ टाकली. ते अजून मनातून गेलेलं नाही.

फ्रिज आहे, पण पावसाळ्यात वीज गेली की कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. चुन्याच्या पाण्यात अंडी वर्षभर राहतात असं व्हिडिओत बघितलं. विड्याचा चुना घरात आहे. करू का? अंडी धुऊन घालायची की तशीच? श्रावणाला अजून २० दिवस आहेत.

जुना_पशुधनवाला (कोल्हापूर)

ताई, मी ३१ वर्षं पशुसंवर्धन खात्यात काढली. तुमची ५२ अंडी वाचून वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रक्ताचं कडं म्हणजे आत जीव सुरू होऊन मेला होता. तुमच्या कळपात कोंबडा आहे, म्हणून अंडी फलित आहेत. फलित अंड्यातला जीव साधारण २०-२१ अंशांच्या खाली निजलेला राहतो. त्याच्या वर गेलं की वाढ सुरू होते. पिल्लू पुरं व्हायला ३७.५ अंशांच्या आसपासची ऊब २१ दिवस लागते. श्रावणात तुमच्या माजघरात २६-२८ अंश असणार. म्हणजे वाढ सुरू होण्याइतकी ऊब आहे आणि जगण्याइतकी नाही. तो जीव थोडा वाढतो, मरतो आणि मग अंडं नासतं. चुना, कोंडा, राख, काहीही घाला, आतली ही गोष्ट बाहेरून थांबत नाही.

तेव्हा उद्याच कोंबडा वेगळा करा. तो नसला तरी कोंबडीच्या पोटात बीज दोन आठवडे, कधी तीन आठवडेही टिकतं, म्हणून आजपासून केलंत तर श्रावण लागेपर्यंत बहुतेक अंडी अफलित येतील. ती खायला तितकीच चांगली आणि टिकायला जास्त. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. एखादी खुडूक कोंबडी चार तास जरी बसून राहिली तरी तिच्या अंगाखाली सगळी अंडी तापतात.

धुवायचं अजिबात नाही. ताजं अंडं ओलसर असतं बघा. ती ओल वाळली की कवचावरची हजारो सूक्ष्म छिद्रं तिने झाकली जातात. धुतलंत की ते झाकण गेलं. त्यातून गार पाण्यात धुतलं तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. चिखल लागलेलं अंडं कोरड्या फडक्याने पुसा आणि आधी वापरा, ठेवणीत घालू नका.

ठेवायच्या अंड्यांना त्याच दिवशी तेल लावा. औषधाच्या दुकानात साधं, बिनवासाचं लिक्विड पॅराफिन मिळतं. तळहाताला थोडं घेऊन अंडं फिरवायचं, निथळू द्यायचं. त्याच दिवशी का, तर ताज्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने बाहेर जातो आणि त्याबरोबर पांढरा बलक पातळ होत जातो. तेलाने ती वाट बंद होते. खोबरेलानेही छिद्रं बुजतात, पण दिवस गेले की खवट वास येतो. तेल लावलेली अंडी टोकाची बाजू खाली करून ट्रेमध्ये, घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. तुमच्या हवेत मी तीन आठवड्यांपर्यंत निर्धास्त सांगेन. त्यापुढची प्रत्येक वेगळ्या वाटीत फोडून, वास घेऊन, पूर्ण शिजवूनच खायची.

एक विचारतो. सासूबाई कोंड्यात किती दिवस ठेवायच्या?

थंडीतली_अंडी (यॉर्कशर, इंग्लंड)

मी मूळची साताऱ्याची, इथे परसात सहा कोंबड्या पाळते. चुन्याचं मी करते म्हणून सांगते. एका लिटरला साधारण ३० ग्रॅम चुना. खरं तर पाण्यात लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, बाकी तळाशी बसतो, त्यामुळे थोडं कमी-जास्त झालं तरी बिघडत नाही. ते पाणी इतकं अल्कधर्मी असतं की त्यात जंतूंना वाढता येत नाही, आणि छिद्रं चुन्याने बुजतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथल्या घरोघरी याच पद्धतीने किंवा सोडियम सिलिकेटच्या पाण्यात अंडी साठवत.

पण माझ्याकडे हे चालतं त्याचं कारण इथलं हवामान आहे. माझी बरणी गॅरेजमध्ये असते आणि हिवाळ्यात तिथे ६ ते १० अंश असतात. डिसेंबरात इथे दिवस आठ तासांच्याही आत येतो, कोंबड्या अंडी देणं जवळजवळ थांबवतात, तेव्हा सप्टेंबरातली अंडी कामाला येतात. फेब्रुवारीत फोडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पाण्यासारखा होतो, पिवळा हात लागताच फुटतो. भुर्जी, केक उत्तम. अर्धं कच्चं मात्र कधीच खाऊ नका. कोंबडीच्या पोटातूनच साल्मोनेला हा जंतू अंड्यात आला असेल तर बाहेरचा चुना त्याचं काही करू शकत नाही. तुमच्या २८ अंशांत "वर्षभर" हा शब्द मी वापरणार नाही.

आणि कृपा करून कळीचा चुना घेऊ नका. पाणी लागलं की तो उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते. विड्याचा भिजवलेला चुनाच घ्या. ॲल्युमिनियमचं पातेलं चुना खातो, म्हणून चिनी मातीची किंवा काचेची बरणी घ्या. नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

ठाण्याची_मावशी

कवचासकट फ्रीझरमध्ये ठेवू नका, तडकतात. फोडून, हलकं ढवळून, कपभर अंड्याला अर्धा चमचा मीठ घालून डब्यात. मीठ घातलं नाही तर पिवळा बलक चिकट गोळ्यासारखा होतो. माझ्याकडे वर्षभर राहतात. पण तुमची वीज म्हणताय तर हे तुमच्यासाठी नाहीच.

पडवीतून

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला, मग मोठ्या नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, आई कोंड्यात अंडी ठेवायची ती बाजारापासून बाजारापर्यंत, आठ दिवस, आणि तीही थंडीत. श्रावणात ती अंडी ठेवतच नसे. खुडूक झालेल्या कोंबड्या अंड्यांवर बसवून टाकायची. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणजे साठायचा प्रश्नच मिटला, आणि त्या पिल्लांतले कोंबडे शिमग्याला तयार व्हायचे. मी फक्त पेटी आणि कोंडा बघितला होता, दिवस मोजलेच नव्हते. सासूबाई जाऊन ११ वर्षं झाली. त्यांना विचारायचं राहून गेलं असं आणखी किती असेल.

कोंबडा दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या बाजूला जाळीत हलवला. पहिल्या आठवड्यातली अंडी फलित असणारच, म्हणून त्यातली २२ निवडून दोन खुडूक कोंबड्यांखाली ११-११ घातली आहेत. काका, कोंबडा असूनही टिकवता येतील असं काही आहे का? दरवर्षी त्याला वेगळा ठेवणं जमेल असं नाही.

जुना_पशुधनवाला

सासूबाईंचा हिशेब पक्का होता. ऐकून बरं वाटलं.

आहे एक उपाय. ५४ अंशांच्या पाण्यात अंडी १५ मिनिटं बुडवून ठेवायची. आतला जीव तिथेच थांबतो आणि कवचालगतचा पांढऱ्याचा पातळसा थर किंचित बसतो. काढून, वाळवून, मग तेल. पण थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजाने करू नका. ६१-६२ अंशांवर पांढरा बलक शिजायला लागतो, म्हणजे हातात सात-आठ अंशच आहेत. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, अंडी घातल्यावर ते पटकन गार होत नाही. बुडवण्याआधी दोन-दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवा, तडा असेल तर आवाज बद्द येतो.

पिल्लं निघाली की पाच ते सात दिवसांच्या आत मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस. डोळ्यात एकेक थेंब. पावसाळ्यातली पिल्लं मानमोडीने जातात तेव्हा एकही मागे राहत नाही, म्हणून हे विसरू नका. तालुक्याच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवा आणि लस बर्फातून आणा.

पडवीतून

गौरी-गणपती जाऊन तीन दिवस झाले. आज सकाळी हिशेब लिहायला बसले आहे.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घातली होती. नुसतं तेल लावलेली ४६. त्यातली ३ खराब निघाली आणि तिन्हींवर श्रावणाच्या पहिल्या चार दिवसांतल्या तारखा. काका म्हणाले होते ते तीन आठवडे या अंड्यांनी कधीच ओलांडले होते. बाकी ४३ मध्ये जुन्यांचा पांढरा बलक पसरट होता, वास नाही, चवीत फरक नाही.

गरम पाण्यातली २४. पहिल्या घाण्याला गॅस बंद करायला उशीर झाला, पारा ६० वर गेला, सहा अंड्यांत कवचाला पांढरा थर चिकटून बसला. ती त्याच दिवशी कुत्र्याला घातली. उरलेली १८ सगळी चांगली. काटा स्थिर ठेवणं सवयीने जमेल असं वाटतं. पुढच्या वर्षी कोंबडा वेगळा नाही ठेवला तर हेच करणार.

चुन्याच्या बरणीत २०. फोडली त्यातलं एकही नासलं नाही. पाण्यावर सायीसारखा पापुद्रा धरला होता, तो मोडला नाही. उकडताना एक फुटलं, नंतर मोठ्या बाजूला सुईने टोचून उकडली ती नीट राहिली. पांढरा बलक खरंच फार पातळ होतो, आमलेट पातेल्याच्या कडेपर्यंत पळतं. ही सगळी महिन्याभरातलीच अंडी होती, त्यामुळे याहून जास्त दिवसांचं मी काही सांगू शकत नाही.

फ्रिजमध्ये ३० ठेवली होती, दारात नाही, आत मागच्या बाजूला. वीज एकदा १९ तास गेली. दार उघडलं नाही. वीज आल्यावर अंड्यांवर दव धरलं होतं. ती अंडी आधी वापरायला काढली आणि रस्सा चांगला तासभर उकळला.

नात आली तेव्हा अंड्यांच्या जवळ येईना. मी तिला काही म्हटलं नाही. रात्री माजघरातला दिवा घालवून मोबाइलचा उजेड अंड्याच्या मोठ्या टोकाला लावून एकेक बघत होते, तर ती मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, आजी, मी धरते मोबाइल. आतली हवेची पोकळी जुन्या अंड्यात मोठी आणि कालच्या अंड्यात नाण्याएवढी, हे तिने स्वतःच ओळखलं. ती तीन खराब अंडी तिनेच बाजूला काढली, न फोडता. दुसऱ्या दिवशी पहिलं अंडं तिने फोडलं. मी वाटी धरली होती, माझाच हात कापत होता.

दोन्ही कोंबड्यांची मिळून १७ पिल्लं निघाली. लस सहाव्या दिवशी घातली. एक घारीने नेलं, १६ आहेत.

आज दुपारच्या गाडीने सगळे निघतील. ३६ अंडी बांधून दिली आहेत, सगळी गेल्या पाच दिवसांतली, तेल-चुना काही न लावलेली. चुन्याच्या बरणीत तीन तशीच ठेवली आहेत. पौषात फोडून बघेन आणि इथे लिहीन.