लहान मुलांना सांताच्या मांडीवर बसवावं का?

सुदामानगरची आई

तीन वर्षांखालच्या मुलाला सांताच्या मांडीवर बसवू नये, असं माझं ठाम मत झालंय. नाताळच्या आठवड्यात इंदूरच्या कुठल्याही मॉलमध्ये जा, झाडाशेजारी सांता आणि समोर आईबाबांची रांग. परवा रांगेत दीड-दोन वर्षांचं एक पोर होतं. आईची ओढणी मुठीत घट्ट धरलेली. बाबांनी एकेक बोट सोडवलं आणि त्याला सांताकडे दिलं. पोराने अंग ताठ केलं, पाठ मागे टाकली, रडून रडून ठसका लागला. समोर आई आणि आत्या मोबाइल धरून ‘इकडे बघ, इकडे बघ’ करतायत. सांता झालेला मुलगाही विशीतलाच असावा, मुलाला धरायचं कसं हे त्यालाही कळेना. फोटो निघाला, मगच पोराला उचललं.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून मुलं परक्या माणसाला बिचकायला लागतात आणि दुसऱ्या वर्षातही ते चालू राहतं. ते हट्टीपणाने रडत नाहीत, खरंच घाबरतात. पुढे शाळेत त्यांना ‘गुड टच, बॅड टच’ शिकवायचं, नको वाटलं तर नाही म्हण असं सांगायचं, आणि इथे त्यांचं पहिलं ‘नाही’ आपणच मोडायचं, तेही फोटोसाठी? तुम्हाला काय वाटतं?

रामबागची आजी

अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. मुलं कशालाही रडतात. जावळ काढताना रडतात, कान टोचताना तर आकाशपाताळ एक करतात. आता संक्रांतीला घरोघरी बोरन्हाणं होतील. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचे दागिने, आणि डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. त्यातही निम्मी बाळं भोकाड पसरतात. म्हणून बोरन्हाण कोणी बंद केलंय का? दोन मिनिटांत रडं थांबतं आणि फोटो जन्मभर राहतो. माणसांत नेल्याशिवाय मूल धीट होत नाही. आमच्या वेळी अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या देखाव्यांची मिरवणूक, बघायला मुलांना खांद्यावर बसवून न्यायचे. केवढी गर्दी, केवढा ढोल! कोणी बिघडलं नाही.

सुदामानगरची आई

आजी, बोरन्हाणाचं तुम्ही बरोबर काढलंत, पण फरक तिथेच आहे. तिथे मूल स्वतःच्या घरात असतं, पाटावर नाहीतर आईच्या मांडीवर. भोवती आत्या, काकू, शेजारची पोरं. बोरं पडली की पोरं तुटून पडतात, ते बघून बाळही एखादं बोर तोंडात घालतं. झांक्यांचंही तेच, खांदा बाबांचा असतो. कान टोचणं आणि लस यांना पर्याय नाही, तिथे मीही रडू देते. सांताच्या फोटोला पर्याय आहे.

विजयनगरचा बाबा

ताई, तुमचा मुद्दा एका रडणाऱ्या मुलावरून सगळ्यांना लागू होतोय. माझी मोठी पाच वर्षांची आहे. ती नोव्हेंबरपासून विचारते, सांता कधी येणार. धाकटा सव्वा वर्षाचा. त्याला मागच्या आठवड्यात बसवला, त्याने दाढी ओढली आणि खदाखदा हसला. मुलं वेगवेगळी असतात, वयाची रेघ कशाला मारायची? आणि एक सांगू, आम्ही दोघं नोकरी करणारे. वर्षात असे किती दिवस मिळतात की चौघं मिळून नटून बाहेर पडतो? लाल चर्चची रोषणाई बघायची, केक खायचा, सांताला भेटायचं. मोठीला त्या दिवसाचं काय काय आठवतं ते ऐकलंत तर तुम्ही असं म्हणणार नाही.

राजवाड्याजवळचा

मला मुळात सांताच कशाला हवा हे कळत नाही. आपल्याकडे पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव यायचा, बहुरूपी यायचे. आजच्या मुलांना ते दाखवा. २५ डिसेंबर हा अटलजींचा जन्मदिवस, ते आपल्याच राज्यातल्या ग्वाल्हेरचे, १९२४चा जन्म. हे किती मुलांना सांगतो आपण? वर शाळा निरोप पाठवते, उद्या लाल पोशाखात पाठवा. आई रात्री दुकानं धुंडाळते. शाजापूर जिल्ह्यात २०२३मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांनी आदेश काढला होता, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना अशा वेशात घेऊ नका. मला तो योग्यच वाटला.

मराठी ख्रिस्ती, इंदूर

दादा, परवानगी घ्यावी हे मलाही पटतं. पण गेल्या काही वर्षांत गोष्ट परवानगीपुरती राहिलेली नाही. २०२४च्या नाताळात आपल्याच इंदूरमध्ये सांताचा वेश घालून जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला भर रस्त्यात तो वेश उतरवायला लावला. पोटासाठी घातलेला वेश होता तो. ते बघून आमच्या घरात कोणाला गोड लागलं नाही.

आमचं म्हणाल तर नाताळ म्हणजे मध्यरात्रीची उपासना, गव्हाणीचा देखावा, रेव्हरंड टिळकांची भजनं. सांता त्यात कडेला आहे. मूळचे संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, त्यांचा सण ६ डिसेंबरला. दुकानातला सांता फार नंतरचा. १८९०मध्ये अमेरिकेत ब्रॉकटन गावी जेम्स एडगर नावाच्या दुकानदाराने स्वतः तो वेश घालून मुलांना भेटायला सुरुवात केली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांता एका जागी बसत नाही. तो टॉफ्या वाटत फिरतो, धीट पोरं त्याच्या मागे धावतात, भित्री आईच्या पदराआडून बघतात. कोणी कोणाला ओढत नाही. म्हणून सुदामानगरच्या ताईंचं मला पटतं.

बालवाडीची ताई

मी शिशुवर्गाला शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगते. १९६९मध्ये रीटा डव्हरीझ या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक शांत मांजर होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी ते दाखवलं, कुरवाळू दिलं. मग पुढचा भाग आडोशाला ठेवून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला, शेपटीकडचा भाग मुलांना दिसतच होता. तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना ते आता खरोखर कुत्रं झालं असं वाटलं, काही तर घाबरली. सहा वर्षांची मुलं म्हणाली, मांजरच आहे, मुखवटा घातलाय.

आपल्याला दाढीमागचा दादा दिसतो. दोन वर्षांच्या मुलाला तो दिसत नाही. म्हणून आमच्याकडे बाई मुलांसमोरच दाढी लावतात, काढतात, पुन्हा लावतात. मुलं स्वतः लावून बघतात. मग एकही रडत नाही.

विजयनगरचा बाबा

ताई, प्रयोग पटला, पण उपाय नाही पटला. समोर दाढी लावली की माझ्या मोठीचा सांता संपला. तिला अजून तो खरा वाटतो आणि ती चार-दोन वर्षं मला तिला द्यायचीत. खोटं म्हणा हवं तर. उंदीरमामा पडलेला दात नेतो हेही आपण सांगतोच.

रामबागची आजी

आणि मी पुन्हा सांगते, मुलाला प्रत्येक वेळी विचारून चालत नाही. विचारलं तर ते आंघोळही करणार नाही. हल्लीच्या आया मुलांच्या रडण्याला फार भितात.

सुदामानगरची आई

आजी, आंघोळ त्याच्यासाठी असते, फोटो आपल्यासाठी. दादा, तुमच्या मोठीला जरूर न्या, ती स्वतःहून मागतेय, माझी तक्रार तिच्याबद्दल नाहीच. धाकटा हसला तर तोही बसू दे. पण तो रडला असता तर तुम्ही फोटोआधी उचललं असतंत का, एवढंच विचारायचंय.

मी इथल्या मॉलवाल्यांना लिहिणार आहे, सांताच्या खुर्चीशेजारी एक बाकडं ठेवा. आई मुलाला घेऊन त्यावर बसेल, फोटो तोच येईल. २०२०च्या साथीत परदेशात कित्येक ठिकाणी सांताला अंतरावर बसवून भेटी झाल्याच. पत्राखाली कोणाकोणाची नावं घालू?

विजयनगरचा बाबा

उचललं असतं. बाकड्यासाठी माझं नाव घाला. पण पत्रात वयाची अट टाकलीत तर नाव काढून टाका.